पट्टीवरचं सोनं

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता विझते, नातलग माघारी फिरतात आणि पाण्याच्या कडेला दुसरं काम सुरू होतं. माणसं पाण्यात उभी राहून राख आणि गाळ घमेल्यात घेतात, घमेलं हळूहळू गोल हलवतात, हलकं ते वाहून जाऊ देतात आणि तळाशी जे जड उरतं ते बोटांनी चाचपतात. कधी अंगठीचा वितळलेला तुकडा सापडतो, कधी दातावरचं सोन्याचं टोपण, कधी नथीतला एखादा मणी. घाटाचं नावही हरवलेल्या दागिन्यावरूनच पडलं आहे. कानातलं रत्न इथल्या कुंडात पडलं, अशी कथा आहे. ते शंकराचं होतं असं कुणी सांगतं, पार्वतीचं होतं असं कुणी. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, आणि हा घाट नव्यानं बांधून घेतला तो अहिल्याबाई होळकरांनी.

राखेतून सोनं शोधण्याचं असंच काम गंगेच्या एका उपनदीकाठी वेगळ्या राखेवर चालतं. मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांचं गाव, लोक त्याला पितळनगरी म्हणतात. गेल्या काही दशकांत देशभरातले भंगार सर्किट बोर्ड इथे येऊ लागले. बोर्ड तापवून त्यावरचे सुटे भाग काढायचे, उरलेली पाटी जाळायची, राख दळायची आणि पाण्यात धुऊन तिच्यातलं तांबं आणि इतर धातू वेगळे करायचे, असा हा उद्योग. सोन्याचा मुलामा असलेले भाग त्याआधीच तोडून आम्लात टाकले जातात. रामगंगेच्या काठावर या काळ्या राखेचे ढीग साचले. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं तिथे असा कचरा टाकणाऱ्यांना एक लाख रुपये दंड जाहीर केला. रामगंगा पुढे गंगेला मिळते आणि गंगा मणिकर्णिकेवरून वाहते.

माणसाच्या राखेची आणि यंत्राच्या राखेची बरोबरी मला करायची नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की मणिकर्णिकेवर राखेत उतरणाऱ्याच्या कितीतरी आधी त्या देहाला त्याच्या माणसांनी नावानं निरोप दिलेला असतो. बोर्डाच्या वाट्याला ते येत नाही. तो काय होता हे कुणी विचारण्याआधीच त्याच्या कडेचं सोनं कापलं जातं. आणि नेमक्या त्या कडेवर त्याची ओळख पटवण्याची पहिली खूण असते.

समजा, पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, चादरीवर मांडलेल्या पकडी, कुलपं आणि रेडिओंच्या सांगाड्यांमध्ये तुम्हाला एक मोठा हिरवा बोर्ड दिसला. त्यावर शे-दीडशे आयसी ओळीनं बसवलेले आहेत, काहींवर कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, एका कडेला सोनेरी दात्यांची पट्टी आहे आणि नाव कुठेच नाही. विकणारा म्हणतो, टीव्हीचा आहे. तो टीव्हीचा नाही. तो व्हिडिओ गेमच्या पार्लरमधल्या एखाद्या लाकडी खोक्यातून निघालेला आहे. आता प्रश्न असा की तो कोणता गेम आहे.

घरी नेऊन लगेच वीज देण्याचा मोह होतो, आणि इथेच बहुतेक बोर्ड मरतात. यातल्या चिपांना पाच व्होल्ट लागतात, आवाजाच्या अँप्लिफायरला बहुधा बारा. बारा व्होल्टची तार चुकून पाचच्या जागी लागली, तर क्षणभरात डझनावारी आयसी जातात आणि त्यांत ती एक चिप असू शकते जिच्यातला मजकूर जगात दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे वीज नाही. आधी नुसतं वाचायचं.

वाचन सुरू करायचं सोनेरी पट्टीपासून. दाते मोजा. एका बाजूला अठ्ठावीस आणि मागच्या बाजूला अठ्ठावीस असे छप्पन असतील, दोन दात्यांमधलं अंतर सुमारे चार मिलिमीटर असेल आणि सातव्या जागी खाच असेल, तर बोर्ड बहुधा ‘जामा’ पद्धतीचा आहे. जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. १९८५ च्या सुमारास या संघटनेनं ठरवलं की कुणाचाही बोर्ड कुणाच्याही खोक्यात बसला पाहिजे. त्याआधी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असे, म्हणजे नवा गेम घ्यायचा तर खोक्यातली वायरिंगही बदलावी लागे. जामामुळे पार्लरवाल्याला फक्त बोर्ड बदलायचा राहिला. आपल्याकडच्या छोट्या पार्लरांना हे सोयीचं होतं, कारण खोकं तेच ठेवून, जुना गेम ओसरला की नवा बसवता येई.

या पट्टीवर कुठे काय येतं हे ठरलेलं आहे. भाग बसवलेल्या बाजूला पहिले दोन दाते ग्राउंड, तिसरा-चौथा पाच व्होल्ट, पाचवा उणे पाच, सहावा बारा. बारावा लाल रंगाचा, तेरावा निळ्याचा. हिरवा रंग मागच्या बाजूला, बाराव्याच्या पाठीशी. मागच्या बाजूच्या दात्यांना आकडे नसतात, इंग्रजी अक्षरं असतात, आणि त्यांत जी, आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम गाळली आहेत. घाईत वाचताना जी सीसारखा दिसतो, आय एकासारखा, ओ आणि क्यू शून्यासारखे. सोल्डरिंगच्या धुरात डोळे बारीक करून काम करणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी केला होता, आणि तो इतकी वर्षं त्या पट्टीत टिकून आहे.

दाते छप्पन नसले तर बोर्ड जुना असण्याची शक्यता वाढते. १९८० च्या पॅक-मॅन या गेमची पट्टी चव्वेचाळीस दात्यांची होती. अशा वेळी कोणता दाता कशाचा हे आपण शोधायचं, आणि त्यासाठी दुकानात सहज मिळणारा साधा मल्टिमीटर पुरतो. कारण बोर्डावरचे आयसी आपल्याला ओळखीचे आहेत. ज्यांच्या नावाची सुरुवात ७४ नं होते ते चौदा पायांचे छोटे आयसी घ्या. जवळजवळ सगळ्यांचा सातवा पाय ग्राउंडला आणि चौदावा पाच व्होल्टला जोडलेला असतो. सोळा पायांचा असेल तर आठवा आणि सोळावा. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा, एक टोक सातव्या पायावर आणि दुसरं टोक पट्टीवरून सरकवत न्या. जिथे आवाज येईल तो दाता ग्राउंडचा. तसंच पाच व्होल्ट. बारा व्होल्ट शोधायचे तर अॅल्युमिनियमच्या पंखांचा तुकडा चिकटवलेला आयसी बघा. तो अँप्लिफायर, आणि त्याच्या वीजपुरवठ्याची वाट पट्टीपर्यंत जाते.

रंगांच्या तारा शोधण्याची रीत मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. जुन्या बोर्डांवर पट्टीजवळ छोट्या रोधकांचे तीन गट दिसतात. पॅक-मॅनमध्ये दोन गटांत तीन-तीन रोधक आहेत, १०००, ४७० आणि २२० ओहमचे, आणि तिसऱ्या गटात दोनच, ४७० आणि २२० चे. तीन-तीनवाले गट लाल आणि हिरव्याचे, दोनवाला निळ्याचा. निळ्या छटांमधला बारीक फरक माणसाच्या डोळ्याला फारसा जाणवत नाही, म्हणून तिथे एक रोधक वाचवला. बोर्डाला वीज दिलेली नाही, पडदा जोडलेला नाही, आणि तरी तुमच्या डोळ्याबद्दल केलेला एक हिशेब तुम्ही रोधकांवरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचता.

पट्टी कळली की वय. बहुतेक आयसींवर नावाखाली चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन वर्ष, पुढचे दोन त्या वर्षातला आठवडा. ९३१४ म्हणजे १९९३ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. बोर्डावरचा सर्वांत तरुण आयसी शोधला की बोर्ड त्याआधीचा नाही एवढं पक्कं होतं. इथे नवशिक्याची एक चूक ठरलेली. ७४३२ असं दिसलं की तो १९७४ चा बत्तिसावा आठवडा म्हणून टिपून ठेवतो. ते वय नाही, आयसीचं नाव आहे. दुसरी फसगत दुरुस्तीची. एखादा आयसी नंतर बदललेला असू शकतो, तेव्हा त्याच्या पायांचं सोल्डरिंग आजूबाजूच्या सोल्डरिंगशी ताडून पाहावं. हातानं केलेल्या जोडाची चमक आणि जाडी कारखान्यातल्यापेक्षा वेगळी असते.

मग मोठे आयसी, म्हणजे गेम चालवणारे प्रोसेसर. चाळीस पायांचा झेड-८० असेल तर बोर्ड १९७६ नंतरचा, कारण झायलॉगनं तो त्या वर्षी बाजारात आणला. चौसष्ट पायांचा लांबलचक ६८००० असेल तर गेम बहुधा ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचा. त्याच्या शेजारी झेड-८० आणि यामाहाचा वायएम २१५१ हा आवाजाचा आयसी असा तिकडीचा संसार दिसला, तर झेड-८० आवाजापुरता ठेवलेला आहे. धातूच्या चकचकीत डबीतले क्रिस्टल बघा, त्यांच्यावर कंपनसंख्या लिहिलेली असते. १८.४३२ मेगाहर्ट्झ दिसलं तर गॅलॅक्सियन किंवा पॅक-मॅन या गेमांच्या घराण्याकडे वळा. या आकड्याला सहानं भागलं की ३.०७२ येतात आणि पॅक-मॅनमधला झेड-८० त्याच वेगानं चालतो.

या खुणांचा उपयोग एका बोर्डावर करून पाहू, आणि तोही आपल्या माणसांच्या ओळखीच्या. नव्वदच्या दशकात भारतातल्या कोणत्याही गावात पार्लरमध्ये खिसा रिकामा केलेल्या माणसाला ‘मुस्तफा’ विचारा. तो लगेच सांगेल, डायनासोर, आणि भलीमोठी गाडी चालवायचा टप्पा. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला आणि मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून बेतला. त्यात खेळता येणारी पात्रं चार होती: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. आपल्या मुलांनी चौघांमधून एकट्या मुस्तफाला निवडून त्याचं नाव अख्ख्या गेमला दिलं. बोर्डावर मात्र हे नाव कुठेही छापलेलं नाही. पार्लरवाल्याच्या तोंडी होतं ते नाव, आणि पार्लर बंद झालं तेव्हा बोर्ड बिननावाचा झाला.

मुस्तफाचा अस्सल बोर्ड एकावर एक बसवलेल्या पाट्यांचा असतो. खालच्या पाटीवर मुख्य यंत्रणा, मधल्या पाटीवर गेमचा मजकूर, वर कॅपकॉमच्या खास चिपेची छोटी पाटी. १९९१ चा स्ट्रीट फायटर टू याच घराण्यातला, त्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ शकते. वेगळेपण जोडणीत आहे. जामाच्या पट्टीत दोन खेळाडू आणि प्रत्येकी तीन बटणं एवढीच जागा आहे. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात, म्हणून लाथांच्या बटणांसाठी वेगळा कनेक्टर. मुस्तफाला दोनच बटणं पुरतात, पण तो तिघांना एकत्र खेळता येतो, म्हणून तिसऱ्या खेळाडूची तार बाहेर काढावी लागते. दुसरी खूण आवाजाची. मुस्तफात क्यूसाउंड नावाची ध्वनियंत्रणा आहे आणि तिला हुकूम देणारा झेड-८० साधा नाही. त्याचं टोपणनाव काबुकी. त्याला दिलेला मजकूर सांकेतिक लिपीत असतो आणि ती उलगडण्याची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत ठेवलेली असते. बॅटरी संपली की काबुकी किल्ली विसरतो. नक्कल करणाऱ्यांना रोखण्यासाठी केलेली ही योजना अस्सल बोर्डांच्याच मुळावर आली, आणि त्या निर्णयाबद्दल मला आजही राग येतो. बोर्ड विकत घेणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की याचं आयुष्य बटणाएवढ्या सेलवर टांगलेलं आहे.

नक्कल करणाऱ्यांनी मात्र दुसरी वाट काढली. मुस्तफाच्या एका प्रकारच्या नकली बोर्डांवर काबुकी आणि क्यूसाउंड दोन्ही नाहीत. त्यांच्या जागी पीआयसी १६सी५७ हा छोटा नियंत्रक आणि ओकी कंपनीची एम ६२९५ ही आवाज वाजवणारी चिप बसवलेली आहे. तेव्हा ६८००० च्या शेजारी झेड-८० दिसत नसेल आणि ही जोडी दिसत असेल, तर तुमच्या हातातली नक्कल आहे. ती टाकाऊ समजू नये. या बोर्डांवरचे आवाज अस्सलपेक्षा वेगळे आहेत, त्यामुळे दोन गावांतल्या दोन मुलांच्या कानात राहिलेला मुस्तफा वेगवेगळा असू शकतो. कुणाचं बालपण नकली बोर्डावर गेलं असेल तर त्याच्यासाठी तोच आवाज खरा. नक्कल करणारे बऱ्याचदा आयसींवरची नावं घासून काढत. अशा वेळी पाय मोजायचे आणि ग्राउंड व पाच व्होल्ट कोणत्या पायांवर आहेत ते मल्टिमीटरनं पाहायचं. झेड-८० चा अकरावा पाय पाच व्होल्टला आणि एकोणतिसावा ग्राउंडला असतो. चाळीस पायांच्या घासलेल्या आयसीवर हे जुळलं तर नाव घासल्याचा उपयोग झाला नाही.

आता चिठ्ठ्या लावलेल्या चिपा. चिठ्ठी काढू नका. तिच्याखाली काचेची छोटी गोल खिडकी आहे. या चिपांना ईप्रॉम म्हणतात. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये त्या घडवल्या. मजकूर विजेनं लिहायचा आणि अतिनील प्रकाशानं पुसायचा, अशी ही पाटी आहे. निर्मात्यांच्या माहितीपत्रकांनुसार उघडी खिडकी थेट उन्हात आठवडाभर राहिली किंवा ट्यूबलाइटच्या उजेडात तीनेक वर्षं राहिली, तर मजकूर पुसला जाऊ शकतो. जुन्या बाजारातल्या चादरीवर, चिठ्ठी गळून पडलेली चिप एप्रिलच्या उन्हात पडलेली असते तेव्हा तिच्यातला गेम आठवड्याआठवड्यानं जात असतो. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे उघड्या खिडक्यांवर काळी चिकटपट्टी. आणि चिठ्ठीवर पेनानं काही लिहिलेलं असेल, एखादा आकडा, एखादं अक्षर, तर त्याचा फोटो. चिपांचा क्रम पुष्कळदा तेवढ्या अक्षरातूनच कळतो.

चिप वाचायचं यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी केली तर मिळू शकतं. चिप जागेवरून उपसायची, यंत्रात बसवायची, मजकूर संगणकात घ्यायचा आणि दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का पाहायचं. मजकूर उघडला की नुसते आकडे दिसतात, पण मधूनमधून इंग्रजी अक्षरं डोकावतात. ६८००० च्या बोर्डावर इथे एक गंमत होते. ६८००० एका वेळी दोन बाइट घेतो, म्हणून मजकूर बऱ्याचदा दोन चिपांत एकाआड एक वाटलेला असतो. कॅपकॉम हे सहा अक्षरी नाव तिथे असेल तर एका चिपेत सी, पी, ओ सापडेल आणि दुसरीत ए, सी, एम. एकेकट्या चिपेत अर्थहीन वाटणारी अक्षरं एकात एक गुंफली की नाव उभं राहतं. बोर्ड पहिल्यांदा बोलतो तो हा क्षण. तेव्हाही वीज दिलेली नसते.

काही गेमांत अक्षरंही सापडत नाहीत, कारण अक्षराचे आकडे बनवणाऱ्यानं स्वतःच ठरवलेले असतात. मग चित्रांच्या चिपा वाचायच्या आणि त्यांतला मजकूर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत मांडून पाहायचा. कुठे पंजा दिसतो, कुठे अर्धं डोकं, कुठे आकड्यांची ओळ.

शेवटची तपासणी जुळवणीची. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरनं फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा प्रकल्प सुरू केला. जगातल्या खोक्यातल्या गेमांच्या यंत्रणा संगणकावर जशाच्या तशा उभ्या करायच्या, हे त्याचं काम. तेव्हापासून अनेक देशांतल्या लोकांनी आपापले बोर्ड वाचून त्याच्या यादीत भर घातली. यादीत प्रत्येक चिपेच्या मजकुराचा ठसा आहे, मजकुरातून गणितानं काढलेला एक लांब आकडा. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. तुम्ही वाचलेल्या फायली त्या यादीशी ताडून पाहिल्या की कोणती चिप कोणत्या गेमची, कोणत्या आवृत्तीची आणि अस्सल की नकली ते कळतं. मुस्तफाच्या एका आवृत्तीची तारीख ९३०२०१ आहे, म्हणजे १ फेब्रुवारी १९९३.

कधी आठपैकी सात चिपा जुळतात आणि आठवी जुळत नाही. ती चिप खराब झालेली असू शकते. तिचा मजकूर पुन्हा वाचावा, तिचे पाय साफ करून पुन्हा वाचावा, आणि दर वेळी तोच ठसा आला तर हातात काहीतरी वेगळं आहे. एखाद्या नक्कल करणाऱ्यानं बदललेली पातळी असेल, गेमच्या मालकाचं नाव पुसून घातलेलं नाव असेल, किंवा कुणी वाचूनच न ठेवलेली आवृत्ती असेल. तेव्हा बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, प्रत्येक चिपेची जागा कागदावर आखायची, आठही फायली दोन ठिकाणी ठेवायच्या. मग पुरवठ्याचे व्होल्ट मल्टिमीटरवर मोजून, पहिल्या आणि तिसऱ्या दात्याला तारा लावायच्या आणि पडद्याकडे बघत बसायचं. जुन्या बोर्डाला जागं व्हायला दोन-तीन सेकंद लागतात. आधी वेडेवाकडे चौकोन येतात, मग पडदा काळा होतो आणि स्मृतीची तपासणी आकड्यांच्या ओळींनी वरून खाली उतरू लागते.